आठ मशिनांचा आवाज

सन्माननीय अध्यक्ष महोदया, आज ज्यांचा निरोप आणि सत्कार एकाच हारात उरकला जातो आहे ते संचालक साहेब, मुख्यालयातून खास आलेले पाहुणे, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, संस्थेतले डॉक्टर, परिचारिका, हिशेबनीस आणि शिपाई मंडळी, मागच्या रांगांतले माझे ओळखीचे चेहरे, आणि पुढच्या रांगेतल्या आठ रिकाम्या खुर्च्यांनो,

सगळ्यांना नमस्कार.

निवेदकांनी माझी ओळख 'आपले स्थानिक कारागीर' अशी तीन शब्दांत संपवली. हरकत नाही. माझी ओळख या इमारतीत ठिकठिकाणी उभी आहे, तीच दाखवतो. हा पोडियम मी केला. कागद घसरू नये म्हणून वरच्या फळीला खालून बोटभर पट्टी आहे, ती मोजून बोटभरच आहे. व्यासपीठावरची दोन्ही टेबलं माझी. पाहुण्यांनी मघाशी एकाला कोपर टेकून हलवून पाहिलं, हललं नाही. औषधखिडकीचं सरकतं दार मी केलं. वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीचं दार, त्याची आतली कडी, प्लायवुडची भिंत, भिंतीच्या वर हवेसाठी सोडलेली फट, दारावरची पहिली पाटी, पाटीवरची अक्षरं, हे सगळं माझ्या हातचं. त्या खोलीतली आठ जुनी पायाची शिलाई मशिनं मी उघडून, पुसून, पट्टे बदलून चालू केली. आणि या समोरच्या आठ खुर्च्या. यांना हात नाहीत, कारण शिवताना कोपर मोकळं लागतं. सभागृहात मिरवण्यासाठी मी त्या केलेल्या नव्हत्या.

यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही. कुठे उमेदवारी केली नाही, कुठलं प्रमाणपत्र नाही. बिघडलेली वस्तू उघडायची, ती का बिघडली ते बघायचं, आणि पुन्हा बिघडणार नाही अशी बसवायची, एवढंच माझं शिक्षण. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

सकाळी निघताना बायको म्हणाली, "तुम्ही भाषण करणार? तोंडात खिळे धरून बोलायची सवय तुम्हाला."

म्हटलं, "आज खिळे काढून बोलतो."

"फार रागावू नका."

"राग नाही आलेला. किळस आली आहे."

तिला माहीत आहे, लाकूड चिकटवायचा सरस नासला की दुकानात कसला वास सुटतो. वरून कितीही पॉलिश चढवा, तो वास फळीतून येतच राहतो. मघापासून या सभागृहात मला तोच येतो आहे.

आता या खुर्च्यांकडे बघा. प्रत्येकीच्या पाठीवर छापील पुठ्ठा लावला आहे. मागच्यांना दिसत नसेल, वाचून दाखवतो. 'एचआयव्हीसह जगणाऱ्या महिला, मानाचे आसन.' पुढची रांग, समोर दोन कॅमेरे, वर दिवे. आणि संयोजकांना प्रश्न पडला आहे की बायका आल्या का नाहीत! मघापासून मागे बसलेल्यांना हातवारे चालले आहेत, 'या ना, पुढे या, खुर्च्या मोकळ्या आहेत.' कोणी उठलं का? नाही. उठलं असतं तर त्या पुठ्ठ्यावर पाठ टेकावी लागली असती. तुमची एका संध्याकाळसाठी तयारी नाही, आणि त्या आठ जणींनी ती जन्मभरासाठी ठेवावी अशी अपेक्षा?

अध्यक्ष महोदया, हे कार्यक्रमपत्रिकेत बसत नाही याची मला कल्पना आहे. पण साहेबांचा सत्कार ज्या कामासाठी होतो आहे, त्या कामाच्या खोलीत मी होतो. साहेब चार वेळा आले. म्हणून थोडा वेळ मागतो.

काम असं होतं. उपचार सुरू असलेल्या बायका मधेच औषध का सोडतात, याचा अभ्यास करायचा. वरून अट आली की अभ्यास कसा करायचा हे ठरवताना त्या बायकांनाही बरोबर घ्या. अट चांगली होती. साहेबांनी आठ जणींना सभाकक्षात बोलावलं. मी तेव्हा त्याच कक्षाच्या खिडकीची कडी बसवत होतो, म्हणून कानावर पडलं. लांबलचक टेबल, प्रत्येकीसमोर पाण्याची बाटली, आणि छापून, शिवून तयार असलेली प्रश्नावली.

साहेब म्हणाले, "मोकळेपणाने सुचवा. हा अभ्यास तुमचाच आहे."

मग टोकाला बसलेली एक बाई म्हणाली, "साहेब, मत हवंय की सही? सही हवी असेल तर आत्ताच देते. घरी कपडे भिजत घालून आलेय."

साहेब हसले. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्या खोलीत एकच माणूस होतं ज्याला हा टोमणा लागला. नवीन लागलेली एक संशोधक मुलगी. प्रत्येक गोष्टीला 'का?' विचारायची, म्हणून तिचं नाव पुढे काबाई पडलं. सभा संपल्यावर तिने जिन्यातच त्या बाईला गाठलं. "बरं, मग तुम्ही एकमेकींशी कुठे बोलता?"

"मशीनवर."

"म्हणजे?"

"म्हणजे शिवताना. मशीन चालू असलं की आम्ही माणसासारखं बोलतो, बंद झालं की घरच्यांसारखं."

तिथून खरं काम सुरू झालं. आठातल्या पाच जणी कपड्यांच्या कारखान्यात तुकड्यावर शिवणकाम केलेल्या. त्यांनी सांगितलं, वरची कोपऱ्यातली खोली द्या आणि बाहेर शिवणवर्गाची पाटी लावा. शिवायला येणाऱ्या बाईला घरात कोणी 'कुठे चाललीस' म्हणून विचारत नाही. मशिनं जुनी, पायाची, लोखंडी हवीत. मला वाटलं, गरीब बायका, स्वस्तातलं मागतायत. मी म्हटलं, "पट्टा ताणून, तेल घालून आवाज पार कमी करून देतो."

तीच टोमणेवाली बाई म्हणाली, "मिस्त्रीदादा, आवाज कमी केलात तर पैसे देणार नाही."

मग तिने मला समजावलं. आठ मशिनं एकदम चालली की त्या खोलीत शेजारणीच्या कानाशी तोंड नेल्याशिवाय शब्द कळत नाही. प्लायवुडच्या पलीकडे बाकावर कोणाची सासू बसली आहे, कोणाचा दीर सोडायला आला आहे, त्यांना नुसती खडखड ऐकू येणार. भिंत मी बांधत होतो ती दिसण्यापुरती. खरी भिंत त्या आवाजाची होती.

नियम त्यांचेच. प्रश्न विचारणारी त्यांच्यातलीच एक. समोरासमोर बसायचं नाही, शेजारी बसायचं, नजर कापडावर. मशीन चालू असेपर्यंत प्रश्न. सांगणारीने पायडल थांबवलं की प्रश्न तिथेच सोडून द्यायचा, पुन्हा काढायचा नाही. तोंडाने 'मला सांगायचं नाही' म्हणायला लागू नये म्हणून ते काम पायाकडे दिलं. खोलीत आजाराचं नाव घ्यायचं नाही. स्वतःचंही नाव घ्यायचं नाही. म्हणून एक झाली बॉबिन, एक अस्तर, एक टाचणी. आणि ती टोमणेवाली? कात्री. तिला दुसरं नाव शोभलंच नसतं.

काबाईलाही त्यांनी सोडलं नाही. "खोलीत बसायचं तर शिवायचं," कात्रीने बजावलं. बिचारीने पहिला उशीचा अभ्रा शिवला तो चारही बाजूंनी. बॉबिनने उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "छान झालाय गं. आता उशी आत जन्माला घालायची का?" मी दाराला बिजागरी बसवत होतो, हातातला स्क्रू पडला. तो अभ्रा त्यांनी भिंतीवर टांगला. कोणी नवी आली आणि घाबरून बसली की तिला आधी तो दाखवायचा.

माझ्या घरातली कोणी त्या आठ जणींत आहे का, असा प्रश्न आत्ता काही चेहऱ्यांवर मला दिसतो आहे. असेल, नसेल. त्या खोलीत हे कोणी विचारत नाही. तुम्हीही विचारू नका.

आता साहेबांचा ज्यासाठी सत्कार होतो आहे त्या शोधाकडे येतो. छापील प्रश्नावलीत प्रश्न होता, 'आपण औषध घ्यायला का विसरता?' बायकांनी तो खोडला. त्याऐवजी घातला, 'गोळी घेताना घरात कोण असतं?' या एका प्रश्नाने गाडी रुळावर आली. कोणी विसरत नव्हतं! औषधाच्या प्लास्टिकच्या बाटलीत गोळ्या वाजतात. पिशवीत वाजतात, कपाटात वाजतात, उशीखाली वाजतात. 'कसला गं आवाज?' या प्रश्नाच्या धाकाने बाटली दवाखान्यातच टाकून घरी जाणाऱ्या बायका होत्या. बाटलीऐवजी गोळ्या पाकिटात द्या, एवढा साधा उपाय. औषधखिडकीवर तो लागू झाला आणि सोडून गेलेल्या बायका परत यायला लागल्या. मघाशी मानपत्रात हे वाचलं गेलं. 'संचालकांच्या सूक्ष्म निरीक्षणातून.' हे शब्द होते ना? मी नीट ऐकले. साहेबांनी निरीक्षण कुठून केलं? बाटली त्यांच्या उशीखाली होती का?

टाळ्या नकोत. कृपा करून टाळ्या नकोत, मघाशी त्या मानपत्रालाही याच हातांनी पडल्या होत्या.

पुढचं ऐका. या यशावर खूश होऊन मुख्यालयाने मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणाची मागणी केली. ध्वनिमुद्रण केलं, तर त्यात खडखडीशिवाय काही नाही. साहेबांनी त्यावर तोडगा काढला. आठ नवी विजेची मशिनं आणली. पांढरीशुभ्र, मुकी. चालू आहेत की बंद ते हात लावून पाहावं लागतं. फीत कापली, फोटो निघाले. जुनी मशिनं भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेली.

मी इथल्या व्यवस्थापकांना जिन्यात विचारलं, "बायकांना विचारलंत का?"

ते म्हणाले, "अहो मिस्त्री, भेटवस्तू देताना कोणी विचारतं का?"

ज्या अभ्यासाचं नावच 'महिलांना विचारून' असं होतं, त्या अभ्यासाच्या व्यवस्थापकाचं हे उत्तर. आणि चेहऱ्यावर असं समाधान, की जणू स्वतःच्या खिशातून लेकीला दागिना केला.

काबाईने लेखी हरकत घेतली. तिला अभिलेख कक्षात धूळ झटकायला बसवलं. प्रश्न विचारायला मुख्यालयातून प्रशिक्षित माणूस आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सांगितलं होतं की ध्वनिमुद्रण स्वच्छ हवं आणि प्रश्न स्पष्ट हवा. तो बॉबिनच्या समोर बसला. शेजारी नव्हे, समोर. तिला काही सांगायचं नव्हतं, म्हणून तिने नियमाप्रमाणे पाय उचलला. मशीन थांबलं. त्याला वाटलं, वा, शांतता झाली, आता विचारावं! त्याने ध्वनिमुद्रण यंत्राचा दिवा पाहिला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "तुम्ही एचआयव्हीच्या गोळ्या घरात कुठे ठेवता?"

बॉबिनच्या उत्तराची गरजच उरली नाही. बाहेरच्या बाकावर तिची जाऊ बसली होती. भिंतीवरच्या ज्या फटीतून आधी फक्त खडखड जायची, त्या फटीतून तो प्रश्न अख्खाच्या अख्खा गेला.

हे इथे सांगायची परवानगी बॉबिनने दिली आहे. आणखी दोन वाक्यं सांगायचीही दिली आहे, ती तिच्या शब्दांत सांगतो. "त्या संध्याकाळी माझं ताट, वाटी, पेला मोरीजवळ वेगळा ठेवलेला दिसला. जावेचं पोर रोज माझ्याकडून भरवून घ्यायचं, त्याला आतल्या खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली होती." ती आता या शहरात राहत नाही.

संस्थेने काय केलं? अहवालात एक ओळ घातली. 'एका सहभागी महिलेने वैयक्तिक कारणास्तव माघार घेतली.' वैयक्तिक! अध्यक्ष महोदया, मी लाकडात काम करतो. फळीला वाळवी लागली तर आम्ही 'फळीने वैयक्तिक कारणास्तव माघार घेतली' असं लिहीत नाही. आणि त्याच आठवड्यात माझी 'शिवणवर्ग' ही पाटी उतरवून तिथे पितळी अक्षरांची पाटी लागली, अभ्यासाच्या पूर्ण नावाची, आजाराच्या नावासकट. खाली जिन्यातूनही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. पितळ चांगलं आहे. पाणसळ मात्र चुकलीय, पाटी डावीकडे उतरली आहे, जाता जाता बघा.

उरलेल्या सात जणी उठल्या आणि गेल्या. भिंतीवरचा अभ्रा तेवढा काढून नेला.

निवेदकांनी आत्ता चिठ्ठी दिली आहे. वाचतो. 'कृपया आवरते घ्यावे व सत्कारमूर्तींविषयी दोन शब्द बोलावेत.' बोलतो की. दोन काय, चार बोलतो. साहेब वक्तशीर आहेत. साहेबांनी माझं बिल कधी अडवलं नाही. साहेब जिन्यात भेटले तर आधी तेच नमस्कार करतात. आणि एवढ्या चांगल्या माणसाला, साहेब, तुमच्याकडे बघूनच विचारतो, एका बाईला एक प्रश्न विचारायला काय जड गेलं होतं? 'ही मशिनं चालतील का गं?' एवढाच. 'नाही' म्हणाली असती. त्या 'नाही'चीच भीती होती का?

मुख्यालयाच्या पाहुण्यांना एक गोष्ट कळायला हवी, कारण ते इथे दुसऱ्या टप्प्याला मंजुरी द्यायला आले आहेत. आणखी सहा वस्त्यांमध्ये असंच केंद्र, असं आराखड्यात आहे. भिंतीऐवजी काच. काचेमागे अंधारी खोली. अंधारातून तज्ज्ञांना बाई दिसणार, बाईला तज्ज्ञ दिसणार नाहीत. आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे, 'महिलांच्या सहभागातून साकारलेली रचना.' हे वाचून मी कागद खाली ठेवला आणि हात साबणाने धुतले. शप्पथ, धुतले.

साहेब, ती आठ मशिनं भंगारात वितळली नाहीत. मी ती गाडीवरून उतरवून घेतली. पुन्हा उघडली, पट्टे घातले. ती आता एका खोलीत आहेत, त्या खोलीला आतून कडी आहे, आणि बाहेर कुठलीही पाटी नाही. सात जणी तिथे बसतात. काबाई नोकरी सोडून तिथे जाते, अजून तिला काज जमत नाही. अभ्यास चालू आहे. यावेळी प्रश्न त्यांनी आधी लिहिले, तज्ज्ञ कोणता हवा ते नंतर ठरवणार आहेत. ती खोली कुठे आहे हे मला माहीत आहे. तुम्हाला कळणार नाही.

कात्रीने मुख्यालयासाठी निरोप दिला आहे, तिच्याच भाषेत देतो. "त्यांना सांगा, आम्ही नाही म्हणत नाही. खोली आमची, मशीन आमचं, पाय आमचा. हे तिन्ही मान्य असेल तर या, आणि येताना कापड घेऊन या, नुसते कागद नकोत. काच घेऊन आलात तर दारातूनच परत जाल."

तर पाहुण्यांनो, मंजुरीच्या कागदावर 'महिलांची संमती' या रकान्यात काय लिहायचं, ते तुम्हाला आता पक्कं ठाऊक आहे. नंतर 'आम्हाला कोणी सांगितलं नाही' असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही. एवढ्या लोकांसमोर म्हणूनच बोललो.

मला या पोडियमवर उभं केल्याबद्दल संयोजकांचे आभार. त्यांना बहुधा वेगळं भाषण अपेक्षित होतं. अध्यक्ष महोदयांनी घंटी वाजवायला हात नेला आणि वाजवली नाही, त्यांचे मनापासून आभार. ज्या आठ जणी इथे नाहीत, त्यांचे आभार न आल्याबद्दल. बोलताना माझा रंधा कुठे गरजेपेक्षा खोल गेला असेल, तर ज्यांना टोचलं नसेल त्यांनी मला क्षमा करावी. ज्यांना टोचलं असेल त्यांच्याकडे मी ती मागत नाही.

आणि एक राहिलं. जाताना या आठ खुर्च्या मी घेऊन जाणार आहे. पुठ्ठे इथेच ठेवतो.

त्या रिकाम्या का आहेत, त्यालाही एक हिशेब आहे. गेल्या आठवड्यात व्यवस्थापक माझ्या दुकानात आले. फळीवर रुमाल अंथरून बसले. म्हणाले, "मिस्त्री, सहाही काचकेंद्रांचं काम तुमचं. फक्त त्या दिवशी बायकांना घेऊन या. नुसतं बसायचं आहे हो, बोलायचंही नाही."

मी म्हटलं, "बोलायचं नाही, तेच तर."

"आणि तुम्ही उभं राहून एवढंच म्हणा, की काच त्यांना विचारून ठरवली."

मी त्यांचा रुमाल उचलून त्यांच्या हातात दिला आणि फळी रंध्याला घेतली. दारातून वळून त्यांनी आकडा सांगितला, मला नीट ऐकू आला नसेल असं समजून पुन्हा सांगितला. माझी दोन वर्षांची कमाई होती ती. चार लाख साठ हजार.